डब्यामागचं बारीक अक्षर

संपादकांचा निरोप आला की दुकानदारीतले अनुभव लिहून द्या. आता दुकानदाराला खरा अनुभव एकच असतो: समोरच्या दुकानात गर्दी आहे आणि आपल्या दुकानात माश्या आहेत. बाकीचे सगळे अनुभव त्याच्याच पोटातले. मी पिंपळगाव राजात जन्मभर किराणा विकला, आणि त्यातला अर्धा जन्म समोरच्या दौलतच्या ओट्याकडे बघण्यात गेला. आमच्या दोन ओट्यांमधला रस्ता इतका अरुंद होता की एका वेळी एकच बैलगाडी जायची. गाडी मध्ये आली की तेवढा वेळ दौलतचं दुकान दिसायचं नाही, आणि माझ्या जिवाला थोडा आराम पडायचा.

मी जळकुटा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. गावालाही ते ठाऊक होतं. माझी बायको सुभद्रा तर कुणी पाहुणा आला की त्याच्यादेखत म्हणायची, "यायले दोनच गोष्टी येतात. तराजू धरनं आन् जळनं."

तेव्हा आमच्या धंद्यात सगळा माल उघडा असायचा. पोत्यात ज्वारी, टोपलीत गूळ, पिंपात तेल. गिऱ्हाईक आलं की आधी हात घालायचं. तुरीची डाळ दाताखाली फोडून ती दमट आहे का ते बघायचं, गुळाची भेली नखाने कोरून जिभेवर ठेवायचं, तूप हाताच्या पाठीवर चोळून नाकाशी न्यायचं. जाता जाता मूठभर फुटाणे तोंडात टाकणं हा तर त्यांचा हक्कच होता. दुकानदाराला तोंड उघडायची गरज पडत नसे, आणि ते मला फार सोयीचं होतं, कारण माझा आवाज फाटका. माल चांगला असला की तो खपायचा. माझा सर्वांत चांगला माल म्हणजे सातूचं पीठ. गहू ओले करून, वाळवून, भाजून, त्यात फुटाण्याची डाळ आणि जिरं घालून सुभद्रा ते स्वतः दळायची. उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवून अख्खं गाव ते खायचं. आजाऱ्याला, नुसत्या भाकरीला कंटाळलेल्या पोरांना, परगावी निघालेल्या माणसाला, सगळ्यांना आमचंच सातू.

वऱ्हाड त्या वेळी मध्यप्रांताला जोडलेलं होतं, पण माल यायचा मुंबईकडून. रेल्वेने खामगावला उतरायचा आणि तिथून गाडीने आमच्याकडे. एके दिवशी अशाच गाडीतून एका कंपनीचा एजंट उतरला. कोट, टोपी आणि पेटीत चकचकीत पत्र्याचे डबे. डब्यात लहान मुलांना देण्याची कसलीशी भुकटी होती. तो आधी माझ्याच ओट्यावर चढला. गावात एकाच दुकानाला डबे देणार म्हणाला. मी त्याला पाणी दिलं, डबा हातात घेऊन वाजवून पाहिला आणि म्हटलं, "साहेब, आमच्या लोकायले माल तोंडात टाकल्याबिगर पटत नाही. डबा काय चाटतीन?" तो हसला, पेटी बंद केली आणि रस्ता ओलांडून दौलतकडे गेला. मी बघत होतो. आजही जेवताना ते आठवलं तर घास अडतो.

दौलतचा माल माझ्यापेक्षा चांगला नव्हता. त्याच्या डाळीत खडे असायचे, हे मी शपथेवर सांगेन. पण देवाने त्याला गळा दिला होता. भजनात तो उभा राहिला की पार वेशीपर्यंत ऐकू जायचं. एजंटाने त्याला डब्यावरचा मजकूर एकदा वाचून दाखवला, आणि याने तो आरतीसारखा तोंडपाठ करून टाकला. पुढच्याच बाजाराला तो डबा डोक्याच्या वर धरून ओट्यावर उभा होता. डब्यावर एक गुबगुबीत बाळ, दंडाची बेडकी काढून बसलेलं. दौलत त्या बाळावर बोट ठेवून सुरू करायचा: "रक्त वाढवते! हाडे बळकट करते! बुद्धी तल्लख करते! एक चमचा म्हंजे शेरभर दुधाची शक्ती!"

लोक थांबायचे. बायका डोक्यावरची टोपली खाली उतरवायच्या. "पुन्हा वाच ना, दौलतभाऊ," म्हणायच्या, आणि तो पुन्हा वाचायचा. मला तेव्हा एक गोष्ट कळली. उघड्या मालाची पारख लोक हाताने, नाकाने, जिभेने करायचे. बंद डब्याची पारख करायला त्यांच्याकडे फक्त कान उरले होते. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना डब्यावर काय लिहिलंय ते दौलतच्या तोंडूनच कळायचं, आणि दौलतच्या तोंडून काहीही गोड लागायचं.

काय काय गिऱ्हाइकं पाहिली मी त्या ओट्यावर! तालमीतला एक पोरगा ती भुकटी कोरडीच फाके मारून खायचा आणि तिथेच दंड फुगवून चित्रातल्या बाळाच्या दंडाशी ताडून बघायचा. एक म्हातारी गरोदर सुनेसाठी डबा घ्यायला आली. तिने डबा फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, "याच्यावर पोरगाच हाये ना? पोरीचा डबा असन तं नोको." दौलतने छातीवर हात ठेवून सांगितलं, "पोरगाच हाये, माय." कचेरीतून पेन्शन घेतलेल्या एका कारकुनाच्या घरी तर मूल नव्हतं, तरी डबा आला. तो आत ठेवायचा सोडून त्यांनी खिडकीत ठेवला, बाळाचं तोंड रस्त्याकडे करून. पुढे काही वर्षांनी वनस्पती तुपाचे डबे आले, त्यावर जीवनसत्त्व घातल्याचं लिहिलेलं असायचं. एक शेतकरी रिकामा डबा घेऊन दौलतकडे भांडायला आला होता. "सारा डबा खरवडला, तळाले बी नाही सापडलं. कुठी हाये तुहं जीवनसत्त्व?" त्या दिवशी मला पोटभर जेवण गेलं.

हसतो आहे, पण त्यात एक खरी गोष्ट मी शिकलो. डब्यावर जे लिहिलेलं असतं ती लोकांची भीती असते. ज्या घरात मूल हडकुळं तिथे "रक्त वाढवते" विकलं जायचं, ज्या घरात पोरगा शाळेत नापास होत होता तिथे "बुद्धी तल्लख". माझ्या सातूवर कुठे काय लिहिलं होतं? मी ते कागदाच्या पुड्यात बांधून द्यायचो, आणि पुड्यावर बहुधा जुन्या वर्तमानपत्रातली कुणाच्या तरी मयताची बातमी असायची.

मग मीही ठरवलं, आपण लिहायचं. कोरे कागद आणले, दौत-टाक घेतला आणि सुभद्रेला विचारलं, आपलं सातू काय करतं? तिने जात्यावरून मान वर न करता सांगितलं, "पोट भरते." यापलीकडे खोटं काही लिहायचं नाही, असं तिने बजावलं. मी पुड्यांवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सातू. पोट भरते. पहिलंच गिऱ्हाईक ते वाचून म्हणालं, "पोट तं भाकरीनं बी भरते, बापू." आणि दौलतकडे गेलं.

त्यानंतर मी एक काम केलं, ते कुणालाच सांगितलं नाही. खामगावला गेलो, तोच डबा तिथल्या दुकानात विकत घेतला आणि ज्वारीच्या पोत्यात दडवून घरी आणला. मला त्यात खोट शोधायची होती. दुपारी दुकान लोटून घेऊन मी वडिलांचा चष्मा लावून तो डबा वाचायला बसायचो. पुढचं बाळ, पुढची मोठी अक्षरं तर मला झोपेतही ऐकू येत होती. मागच्या बाजूला तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात आणखी काही होतं. ती भुकटी ताज्या उकळलेल्या दुधात मिसळून द्यावी, पाण्यात देऊ नये, आणि ती दुधाच्या किंवा नेहमीच्या जेवणाच्या बदली नाही. म्हणजे डबा स्वतःच सांगत होता की अंगाला लागतं ते तुमच्या घरचं दूध. मला इतका आनंद झाला की मी तो मजकूर पाठ करून टाकला. पण सांगायचा कुणाला? बापू बोलला म्हणजे जळून बोलला, हे गावात ठरलेलंच होतं.

अशातच तुळसाबाई आली. ती माझी जुनी गिऱ्हाईक. एकुलता लेक शेतावर राबायचा, सून बाळंतपणानंतर खंगलेली, तिला दूध उतरत नव्हतं. घरात एक नात, अंजनी, नुकती बसायला लागलेली. आणि दारात एक म्हैस. त्या म्हशीच्या दुधावर पोर बरी वाढत होती, मी तिला माझ्या ओट्यावर फुटाण्यांकडे झेपावताना पाहिलं होतं. त्या दिवशी तुळसाबाई गूळ घ्यायला आली आणि पोर तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. पाय काटकुळे झालेले. समोर फुटाणे होते, तिने हात पुढे केला नाही.

"तुळसाबाई, लेकरू काऊन वाळलं हो?" मी विचारलं.

"वाळलं नाही रे, बापू. आतून ताकद भरून राह्यली. दौलतभाऊनं सांगतलं, आधी आतून भरते, मंग वरून दिसते." ती मोठ्या अभिमानाने सांगत होती. "आता डब्याचं देतो आमी. गरिबाच्या लेकरानं बी खावं ना चांगलं."

"दुधात देता ना?"

"दूध कायले? एक चमचा म्हंजे शेरभर दूध. गरम पान्यात देतो. दूध घालतो पाटलाच्या घरी, त्याच्यावरच तं डबा येते."

मी तराजू खाली ठेवला. म्हशीचं दूध पाटलाच्या घरी जात होतं आणि पोर पांढऱ्या पाण्यावर जगत होती. तिने कसली लबाडी केली नव्हती. ऐकलं तसं, एका शब्दाचा फरक न करता केलं होतं. मी आतून माझा दडवलेला डबा आणला आणि मागची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली. बोट ठेवून, एकेक शब्द.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बघून समजुतीच्या सुरात म्हणाली, "तू तं तुले पाह्यजे तसं वाचशीन, लेका. जळू नोको. देवानं तुले बी देल्लं हाये." खामगावच्या दवाखान्यात तरी न्या म्हटलं, तर म्हणाली, डब्यावर डॉक्टरापेक्षा जास्त लिवलं हाये. गूळ घेऊन ती गेली.

मला राग आला तो तिचा नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या जळकेपणाची मला अडचण झाली होती. इतकी वर्षं मी दौलतच्या डाळीला, तेलाला, मापाला नावं ठेवली होती, आणि आता एका पोरीच्या जिवाचा प्रश्न आला तेव्हा माझ्या बोलण्याला कवडीची किंमत नव्हती. सुभद्रा लोटाभर दूध घेऊन तिच्या घरी गेली, तर तुळसाबाईने ते प्रेमाने ठेवून घेतलं आणि लेकाला चहा करून दिला.

"तिले तुमचं पटत नाही, त्याचं पटते," सुभद्रा म्हणाली. "मंग त्याच्याच तोंडून वदवा."

"मी त्याच्या ओट्यावर जाऊ?"

"पोरीच्या तेराव्याले जाऊ मंग," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

बाजाराचा दिवस होता. दौलतच्या ओट्यापुढे नेहमीची गर्दी, आणि गर्दीत पायरीशी टेकून तुळसाबाई. नवा डबा घ्यायला आली होती. अंजनी मांडीवर होती. इतक्या गोंगाटात ती रडतही नव्हती, तेच मला बघवेना. मी ओटा उतरलो. एजंट आला त्या दिवसापासून तो रस्ता मी ओलांडला नव्हता. मला येताना पाहून लोक आपोआप बाजूला झाले. भांडण बघायला मिळणार म्हणून मागच्यांनी टाचा उंच केल्या.

"बापू, वाट चुकला का बे?" दौलत वरून म्हणाला.

"डबा पाह्यजे."

गर्दी खळखळून हसली. दौलतही हसला. "तुले? अन् मंग तुहं सातू कोन खाईन?"

"डबा दे. पन वाचून दे. साऱ्यायले वाचतो, मले काऊन नाही?"

त्याला ते आवडलं. त्याने डबा उंच धरला आणि आज मी समोर उभा म्हणून दुप्पट आवाजात म्हटलं, रक्त, हाडे, बुद्धी, शेरभर दूध. लोकांनी माना डोलावल्या. ते संपल्यावर मी म्हटलं, "आता मांगची बाजू."

दौलतने डबा फिरवला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. आणि मला कळलं. त्याला ती अक्षरं लागतच नव्हती. मोठी अक्षरंसुद्धा तो वाचत नव्हताच, पाठ म्हणत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. गावाच्या नकळत पाहिलं, पण मला दिसलं.

तुम्हाला सांगतो, हा क्षण मी वर्षानुवर्षं मनात रंगवला होता. भरलेला बाजार, दौलत ओट्यावर, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "काय झालं, दौलतभाऊ? वाचता येत नाही?" जिभेवर आलं होतं ते. त्याची गोडी अजून माझ्या जिभेवर आहे. पण पायरीवर तुळसाबाई होती. दौलतची फजिती झाली असती, तर ती दौलतचं ऐकणं कदाचित सोडती, पण माझं ऐकती असं नव्हतं. पिंपळगावात ती फक्त एका आवाजावर विश्वास ठेवत होती, आणि तो आवाज त्या क्षणी बंद पडला होता.

मी ओट्यावर चढलो. डबा बघायच्या मिषाने त्याच्या खांद्याला खांदा लावला आणि त्याच्या कानाशी हळूच म्हटलं, "ताज्या उकळलेल्या दुधात..."

त्याने डबा पुन्हा उंच धरला. मग त्याने मान वर केली. "ताज्या उकळलेल्या दुधात!"

"मिसळून द्यावे. पाण्यात देऊ नये."

"मिसळून द्यावे! पाण्यात देऊ नये!"

मी फाटक्या आवाजात कुजबुजत होतो आणि तो बाजारभर गाजवत होता. शेवटचं वाक्य, ही भुकटी दुधाच्या बदली नाही, ते त्याने दोनदा म्हटलं, कारण तोवर त्याचीही नजर मांडीवरच्या त्या पोरीवर गेली होती. तुळसाबाई उठून उभी राहिली.

"म्हंजे दुधातच द्या लागते, दौलतभाऊ?"

"दुधातच, माय," दौलत म्हणाला. "दूध बंद केलं तं डब्याची ताकद लागतच नाही. आजपासून म्हशीचं दूध पोरीच्या पोटात गेलं पाह्यजे."

"मंग आधी सांगा ना, बापा!" ती म्हणाली, आणि डबा न घेताच घराकडे पळाली.

पोर वाचली. आधी वाटीभर, मग पेलाभर, दूध तिच्या अंगी लागलं आणि पावसाळ्यानंतर ती माझ्या ओट्यावर पुन्हा फुटाण्यांकडे झेपावू लागली. गावात काय बोललं गेलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. दौलतच्या डब्याने तुळसाबाईची नात वाचवली. दौलतने आपल्या आरतीला "ताज्या उकळलेल्या दुधात" हे नवं कडवं जोडलं. दूध पोटात गेल्यामुळे पोरं खरंच बाळसं धरू लागली, आणि डबे पहिल्यापेक्षा जास्त खपू लागले. ते कडवं मी त्याला शिकवलं होतं. माझ्याच शब्दांनी माझं सातू मागे पडत होतं, आणि ते मी माझ्याच ओट्यावर बसून ऐकत होतो. सुभद्रा म्हणायची, "पोर जगली ना?" मी म्हणायचो, "हाव." आणि जळायचो. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

पुढे लढाई आली, डबे दिसेनासे झाले. लोक रिकाम्या डब्यांत मीठ-मिरची भरू लागले. काहीजण तोच डबा घेऊन माझ्याकडे सातू न्यायला यायचे. गुबगुबीत बाळ माझ्याकडे बघत असायचं आणि मी त्याच्या पोटात सातू भरायचो. लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि एक दिवस तुळसाबाई अक्षत घेऊन दारात आली. अंजनीचं लग्न.

लग्नाचा सगळा किराणा माझ्या दुकानातून गेला. मांडवात पाहुण्यांना टोपी-उपरणं देऊन झाल्यावर तुळसाबाई स्वतः उठली. म्हातारी पार वाकली होती. तिने दौलतला मांडवाच्या मधोमध बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर जरीचा फेटा बांधवला. "माह्या नातीले यानं जिवंत ठेवलं," असं साऱ्या मांडवाला सांगितलं. अंजनीने त्याच्या पाया पडून कुंकवाचा हात त्याच्या पावलांना लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतरांसारखीच टोपी मिळाली होती. ती मी गुडघ्यावर ठेवून बसलो होतो.

पंगतीत दौलत माझ्या शेजारी येऊन बसला. फेटा डोक्यावर तसाच. वाढपी पुढे जाईपर्यंत तो पानातल्या भाताशी चाळा करत राहिला. मग माझ्याकडे न बघता, ओठ जेमतेम हलवून म्हणाला, "बापू, मांगचं तूच वाचलं होतं."

मी पुढचा घास घेतला. वेशीपर्यंत ऐकू जाईल असा गळा होता त्याचा. सगळा गाव मांडवात बसला होता. अन् एवढं एक वाक्य तो माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला.